बुजवलेली जाळी

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींत मला 'भुतं काढणाऱ्या ताई' म्हणतात. माझ्या कार्डावर तसं काही नाही. तिथे डच भाषेत सरळ लिहिलंय, की मी घरात शिरणारे गार वारे शोधून बंद करते आणि तुमचं हीटिंगचं बिल कमी करते. पण या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, "ताई, तुमच्या भुतांवर लिहा ना." लिहायला माझी ना नाही. फक्त त्यातलं एक भूत मी काढलेलं नाही, मीच एका घरात आणलेलं आहे. लिहायचं तर त्याच्यावरच लिहायला हवं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागून मी लायडनला आले, डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात मी इंटिरियर डिझायनरकडे काम करत होते, इथे आल्यावर भाषेअभावी घरी बसले. पहिला हिवाळा मी सोफ्यावर दोन शाली घेऊन काढला आणि त्या सोफ्यावर बसूनच मला हा धंदा सापडला. डाव्या घोट्याला सतत गार लागायचं, उजव्याला नाही. महिनाभर ते सहन केल्यावर एक दिवस मी चिडून जमिनीवर आडवी झाले आणि भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्टीखाली बोट घातलं. बोट आत गेलं. भिंत आणि जमीन यांच्यात करंगळीएवढी फट होती आणि तिच्यातून थेट घराखालची हवा येत होती. इथल्या जुन्या घरांच्या खाली पुरुषभर नाही पण गुडघाभर उंचीची पोकळी असते. तळाला वाळू, थोडं पाणी, मिट्ट काळोख. दारातल्या पायपुसण्याखाली तिचं झाकण असतं. वर आपण चहा पीत असतो आणि खाली ही पोकळी असते, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. मी त्या पोकळ्यांमध्ये पोटावर सरपटत बरीच वर्षं काढली आहेत. तिथे टॉर्च विझला की जो काळोख असतो, त्याची सवय मला अजूनही झालेली नाही.

पुढे डच शिकले, खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने घेतलेलं एक ट्रेनिंग केलं आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. काम तसं फार थोर नाही. दाराच्या कडेला रबराची पट्टी, दाराखाली ब्रश, पत्रं टाकायच्या फटीला आतून झडप, माळ्याच्या झाकणाला फोम, खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन. सगळ्या फटींची बेरीज केली तर अनेक घरांत अख्खा हिवाळाभर एक खिडकी उघडी टाकल्यासारखं होतं. गॅस महागला त्या वर्षी तर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बेस्ट नावाच्या गावातल्या एका इंजिनियरने मला त्याच्या घराचं तीन पानी कोष्टक पाठवलं होतं, कुठल्या खोलीत किती ऊब वाया जाते त्याचं. फार सुंदर कोष्टक होतं. मी गेले आणि त्याच्या पुढच्या दाराखाली हात घातला, तो चार बोटांसकट पलीकडे गेला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

फट शोधायची माझी रीत अशी. सगळी दारं-खिडक्या बंद करायच्या, स्वयंपाकघरातली चिमणी आणि बाथरूमचा पंखा फुल लावायचा. ही दोन्ही घरातली हवा बाहेर ओढतात, मग घर मिळेल त्या फटीतून नवी हवा आत ओढतं. मग उदबत्ती लावून भिंतींच्या कडेकडेने चालायचं. जिथे धूर आत, खोलीकडे ढकलला जातो, तिथे फट. डच लोक यासाठी महागडी धुराची पेनं वापरतात. मी मोगऱ्याची उदबत्ती वापरते, आणि काम झाल्यावर घराला वासही छान राहतो.

भुतांचं म्हणाल तर ती या कामातूनच आली. एनस्खेडेला चार मराठी विद्यार्थी एका जुन्या घरात राहत. वरच्या खोलीत पश्चिमेचा वारा सुटला की कोणीतरी सुस्कारा टाकी, अगदी कानाशी. ज्याची खोली होती त्याने चारही भिंतींवर मारुतीची चित्रं लावली होती आणि तो झोपायला खाली मित्राकडे जाई. मी गेले, खालच्या दारातल्या पत्रं टाकायच्या झडपेचं ढिलं स्प्रिंग बदललं आणि जिन्यावरच्या दाराला पट्टी लावली. सुस्कारा थांबला. पोरांनी ग्रुपवर टाकलं आणि माझं नाव झालं. त्यानंतर आपोआप उघडणारी दारं, जिन्यावरची पावलं, भिंतीमागची कुजबूज, सगळं माझ्याकडे येऊ लागलं. दर वेळी मी फट शोधून बंद करी आणि घरच्यांना समजावून सांगी, की बघा, हवा आहे नुसती. ते समजावणं मला मनापासून आवडायचं. लोकांच्या तोंडावरची भीती उतरताना बघायला मिळे.

एकदाच मला कोणी उलटं काही बोललं. एक डच आजी, एकट्या राहणाऱ्या. त्यांना खुर्चीत बसलं की मानेवर गार हात फिरल्यासारखं वाटे, कित्येक वर्षं. मी खुर्चीमागची फट बुजवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "काम उत्तम झालंय. पण आता इथे फार शांत वाटतं." मी हसले आणि सवय होईल म्हटलं. आता तो फोन आठवला की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

तर आता केतकीच्या घराची गोष्ट.

केतकी लायडनच्या सायन्स पार्कमध्ये लॅबमध्ये काम करते, तिचा नवरा निखिल आयटीत. विटांच्या रांगेतलं जुनं भाड्याचं घर. त्या वर्षी निखिलची आई, सुमनकाकू, कराडहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. काकूंचे यजमान, सगळे त्यांना अण्णा म्हणत, पोस्टातून रिटायर झालेले, दोन वर्षांपूर्वी गेले. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला.

"ताई, प्लीज आजच याल का? आईंचा दिवा विझतोय. काल दोनदा, आज एकदा. त्या खूप अपसेट आहेत."

मला जास्त सांगावं लागलं नाही. माझ्याही घरी घट बसतात. अखंड दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. शिवाय केतकीने हळूच सांगितलं, की अण्णा गेले त्या वर्षी कराडला नवरात्रात दिवा विझला होता आणि पंधरा दिवसांत ते गेले. काकूंनी तेव्हापासून ते स्वतःवर घेतलं होतं.

मी गेले. काकू सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, नऊवारी नाही पण सुती पाचवारी आणि त्याखाली जाड लोकरीचे मोजे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका उंच कपाटाच्या दाराला टेकून चौरंग मांडलेला, त्यावर देव, घट, माळ आणि समई. समईची ज्योत एका बाजूला पार आडवी झालेली. मी उदबत्ती लावली. दोन मिनिटांत सापडलं. चौरंगाच्या शेजारी, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीत दोन तळहातांएवढी लोखंडी जाळी होती आणि तिच्यातून गार हवेचा झोत थेट दिव्यावर येत होता.

जुन्या डच घरांत फ्रिज यायच्या आधी स्वयंपाकघरात शिधा ठेवायचं कपाट असे आणि त्याला हवेसाठी अशी जाळी असे. अशा जाळ्या मी पुष्कळ बुजवल्या आहेत. तरी मी निखिलला विचारलं, "या कपाटात काय आहे?"

"बॉयलर असावा बहुतेक. घरमालकाचा आहे. मस्त चालतो, नो प्रॉब्लेम," तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

"उघडून बघायला हवं. जरा चौरंग सरकवू या?"

काकू मध्ये आल्या. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "घट बसलेत गं. दसऱ्यापर्यंत जागचं हलवायचं नाही. तुला का सांगायचं?"

खरंच होतं, मला सांगायची गरज नव्हती. दुसरी कोणी डच बाई असती, तर तिने सॉरी म्हणून चौरंग उचलला असता, कपाट उघडलं असतं आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मी कोथरूडची. बसलेले घट हलवायचे म्हणजे काय, ते माझ्या हाडात होतं. माझा हात पुढे झालाच नाही. म्हटलं, दसऱ्यानंतर येऊन बघेन.

वाचकांसाठी इथेच सांगून टाकते. काही जुने बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून घर गरम ठेवणारी यंत्रं, असे असतात की त्यांना जळायला लागणारी हवा ते खोलीतूनच घेतात आणि धूर एका नळीतून वर छपराबाहेर सोडतात. आता ते फारसे उरलेले नाहीत, तिथला तो एक होता. ती जाळी शिध्याच्या कपाटाची नव्हती. ती त्या बॉयलरचं नाक होती. मी तिच्यात फोम कोंबला, वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली आणि कडा बोटाने दाबून दाबून बसवल्या. मग आलेच आहे तर म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीला आतून पारदर्शक फिल्म लावली, मागच्या दाराला पट्टी, पुढच्या दाराला ब्रश, आणि पॅसेजमध्ये जाड पडदा लावायला सांगितला.

काम झालं तेव्हा समईची ज्योत सरळ उभी राहिली. जराही हलत नव्हती. काकूंनी दोन्ही हात जोडले आणि मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा. कराडहून आणलेला खण होता, हिरवा. तो माझ्याकडे अजून आहे.

दसऱ्यानंतर मी गेले नाही. कामं होती. खरं सांगायचं तर विसरले.

नोव्हेंबरच्या मध्यावर केतकीचा पुन्हा फोन आला. यावेळी ती ऑफिसच्या जिन्यातून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"ताई, जरा ऑकवर्ड आहे. आईंना अण्णा दिसतात."

"दिसतात म्हणजे?"

"येतात म्हणे. रोज दुपारी, जेवायच्या वेळेला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसतात. आई त्यांना वाढतात. मी एकदा लवकर आले तर टेबलावर दोन ताटं होती आणि एका ताटातलं सगळं तसंच. निखिलला वाटतंय डिमेन्शिया आहे. फॅमिली डॉक्टरकडे नेलं, त्या म्हणाल्या मेमरी टेस्ट करू. निखिल म्हणतो, या अवस्थेत आईला कराडला एकटी कशी ठेवायची. त्याने पुण्यात एक केअर होम बघून ठेवलंय, थेट एअरपोर्टवरून तिकडेच. आईंना अजून माहीत नाही. त्या आपल्या कराडच्या घराशिवाय राहणार नाहीत, ताई. तुम्ही लोकांची भुतं काढता ना? एकदा बघून जा. नुसतं त्यांच्याशी बोला तरी."

"तुम्ही बाकीचे बरे आहात ना?"

"हो. रविवारी सगळ्यांची डोकी दुखतात, पण इथे फ्लू चालूच असतो ना."

हे तिने सांगितलं आणि मी ऐकलं. माझ्या धंद्यात हे वाक्य ऐकल्यावर उठून पळत जायला हवं. मी म्हटलं, बुधवारी येते.

बुधवारी साडेअकराला पोचले. घरात काकू एकट्याच. आभाळ इतकं खाली आलं होतं की घरात दिवे लावावे लागत होते. दार उघडलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती ऊब. हीटिंग तेवीसवर होतं. घर माझ्या कामामुळे असं घट्ट झालं होतं की पॅसेजमधला पडदा भिंतीला चिकटल्यासारखा निश्चल होता. मला बरं वाटलं, कबूल करते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर आतून पाणी ओघळत होतं. भात शिजतोय म्हणून असेल, असं मी मनात म्हटलं. कपाटाच्या दाराच्या वरच्या कडेला एक पिवळट काळा डाग होता. तो समईचा असेल, असं म्हटलं. देव तिथेच होते, दसऱ्यानंतरही. काकूंना ती जागा लाभली होती.

काकूंचा चेहरा मात्र मला आवडला नाही. गाल लाल, डोळे थकलेले. पण त्या खुशीत होत्या. कोबीची भाजी झाली होती, आमटीला फोडणी द्यायची होती. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून निखिलने जोरदार चिमणी बसवून घेतली होती आणि काकूंना बजावलं होतं, फोडणीला ती फुलवर ठेवायची. काकूंनी आज्ञाधारकपणे बटण दाबलं. चिमणी घोंघावू लागली. मोहरी तडतडली.

"आता येतील," काकू म्हणाल्या.

"कोण, काकू?"

"हे. फोडणीचा वास लागला की येतात. घरीसुद्धा तसंच. पोस्टातून सायकलवर यायचे, फाटकातूनच म्हणायचे, आज आमटी वाटतं."

त्यांनी टेबलावर तीन ताटं मांडली. एक माझं, एक त्यांचं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीसमोर. त्या ताटात त्यांनी डाव्या बाजूला मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. चिमणीच्या आवाजात त्यांचं बोलणं दुरून येत होतं. त्या अण्णांचं सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या कपाळाच्या मध्यभागी ठणका सुरू झाला होता. खोलीत दोघींपेक्षा जास्त माणसं असली की जसं वाटतं तसं मला वाटू लागलं. कुणाला तरी वाट द्यावी म्हणून मी खुर्ची पुढे ओढून घेतली. मागे भिंत होती.

काकू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. "या," त्या म्हणाल्या. "पाहुणी आलीय आज. बसा."

एवढ्या वर्षांत मी कधी घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले. आणि घाबरले की मी एकच करते, काम. पिशवीतून उदबत्ती काढली आणि लावली. जाळीपाशी गेले, माझी चिकटपट्टी शाबूत होती, धूर सरळ वर. खिडकीपाशी सरळ वर. मागच्या दारापाशी सरळ वर. कुठे एक फट म्हणून नाही. मग देवांच्या वर, कपाटाच्या दाराच्या कडेपाशी उदबत्ती नेली, त्या पिवळट डागाजवळ.

धूर माझ्या तोंडावर आला.

कपाटातून कोणीतरी फुंकर घालावी तसा. आणि ती हवा गरम होती.

मी तिथे उभी राहिले आणि माझ्या जड झालेल्या डोक्यात एक एक गोष्ट सरकत जागेवर बसली. चिमणी घरातली हवा बाहेर ओढते. घराला नवी हवा हवी. मी सगळ्या फटी बुजवलेल्या. मग उरली एकच वाट, बॉयलरची धुराची नळी. चिमणी त्या नळीतून हवा खाली ओढत होती आणि बॉयलरचा धूर छपराबाहेर जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात येत होता. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं डोकं दुखतं, मग त्याला दिसू नये ते दिसतं, मग तो झोपतो. रोज दुपारी. फोडणीच्या वेळेला.

मी चिमणी बंद केली. एकदम शांतता झाली. खिडकीकडे धावले, पण खिडकीवर माझीच फिल्म, चारही बाजूंनी माझ्याच हाताने ताणून चिकटवलेली. नखांनी निघेना. सुरी घेऊन ती फाडली आणि खिडकी ढकलली. बाहेरची गार हवा आत घुसली.

"काकू, उठा. बाहेर चला. आत्ता."

"अगं, जेवतायत ते." काकू जागच्या हलल्या नाहीत. "जेवणावरून उठवू नये कुणाला."

"काकू, गॅस आहे. विषारी आहे. चला."

"त्यांचं होऊ दे." त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली. मी त्यांना दंडाला धरून ओढलं, पण माझ्या पायांत बळ नव्हतं. आणि त्या शांतपणे समोरच्या खुर्चीकडे बघत होत्या. मला कळलं, ही बाई इथून उठणार नाही.

तेव्हा पॅसेजमधला पडदा हलला. सकाळपासून निश्चल असलेला तो जाड पडदा एका बाजूने उचलला गेला आणि पुन्हा खाली आला, कोणी त्याला बाजूला सारून पुढच्या दाराकडे गेल्यावर येतो तसा. मागची खिडकी उघडल्यावर हवा पुढे जाणारच, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही, हा माझा धंदा आहे. पण त्या क्षणी मी हवेचा विचार केला नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ते उठले, काकू. बाहेर गेले."

काकूंनी खुर्चीकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. आणि उठल्या.

आम्ही दोघी एकमेकींना धरून रस्त्यावर आलो. मी एकशे बाराला फोन लावला, पत्ता दोनदा चुकीचा सांगितला. शेजारच्या डच बाईंनी ब्लँकेट आणून काकूंच्या अंगावर टाकलं. काकू मोज्यांनिशी ओल्या विटांवर उभ्या होत्या आणि रस्त्याच्या एका टोकाकडे बघत होत्या, मग दुसऱ्या टोकाकडे. रस्ता रिकामा होता.

"कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

अग्निशमन दलाचे लोक आले. एकजण मीटर घेऊन पॅसेजमध्ये शिरला आणि मीटर तिथूनच किंचाळायला लागला. नंतर तो तरुण बाहेर आला आणि त्याने विचारलं, "खालची जाळी कोणी बुजवली?"

"मी," मी म्हटलं. "माझं तेच काम आहे."

त्याने ते लिहून घेतलं.

काकू दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होत्या, मी एक दिवस. डॉक्टरांनी निखिलला सांगितलं, की आणखी थोडी थंडी वाढली असती, बॉयलर दिवसभर पेटता राहिला असता, तर एखाद्या दुपारी त्या उठल्याच नसत्या. मी त्याची माफी मागायला गेले तर तो कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही जाळी बंद केलीत, ताई. मी तर आईला वेडी ठरवून मोकळा झालो होतो. पुण्याला ॲडव्हान्स भरणार होतो." काकूंच्या मेमरीच्या चाचण्या नंतर झाल्या. सगळ्या उत्तम. काकूंनी कराडलाच जायचं, हे पक्कं झालं.

त्या दिवसापासून माझ्या पिशवीत उदबत्तीच्या आधी गॅसचा मीटर असतो. घरात शिरले की पहिलं विचारते, बॉयलर कुठे आहे, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एका फटीला हात लावत नाही. समोर देव असतील तर आधी हात जोडते आणि मग हलवते. दोनदा लोक रागावले आहेत. रागावू देत.

घरमालकाने नवा बॉयलर बसवला, हवा बाहेरूनच घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, खोलीशी संबंध नसलेला. आता ती जाळी बुजवायला हरकत नव्हती. केतकीने आग्रह केला की तुम्हीच बुजवा. मी गेले, सगळं तपासलं, बुजवली, नवी फिल्म लावली, दाराचा ब्रश बदलला. एवढं घट्ट घर मी आयुष्यात केलेलं नाही.

डिसेंबरात, काकू परत जायच्या चार दिवस आधी, केतकीचा फोन आला. आवाज पुन्हा तसाच दबका. "ताई, आई रोज दुपारी पुढचं दार उघडं टाकतात. अर्धा अर्धा तास. बाहेर दोन डिग्री असतं. सगळी ऊब जाते. निखिलला अजून मी सांगितलं नाहीये, तो पुन्हा नको ते डोक्यात घेईल. तुमचं ऐकतील त्या. जरा समजवा."

समजावणं हा तर माझा हातखंडा. मी बाराला गेले. पुढचं दार सताड उघडं होतं, पडदा बाजूला बांधलेला. काकू पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या, अंगावर निखिलचं जॅकेट. माझ्यासाठी त्यांनी शेजारी स्टूल ओढलं. मी बसले. वारा थेट अंगावर येत होता. सवयीने मी मनातल्या मनात हिशेब मांडला, एवढ्या दारातून अर्ध्या तासात किती ऊब जाईल, आणि तो अर्ध्यातच सोडून दिला.

"तुला केतकीने पाठवलं ना," काकू म्हणाल्या. "मला सगळं माहीत आहे गं. डॉक्टरांनी सांगितलं, निखिलने चारदा सांगितलं. गॅस मेंदूत गेला म्हणून दिसत होते. पटलंय मला. पण गॅस मला लागला होता. तू तर नुकती आलेली होतीस. तू म्हणालीस, उठले, बाहेर गेले. तू पाहिलंस का त्यांना?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की बघा, हवा आहे नुसती. तेच सांगायला आले होते. पडदा का हलला ते मला कागदावर बाण काढून दाखवता आलं असतं. गॅस मलाही लागला होता, हेही सांगता आलं असतं. आणि तुम्हाला उठवायला मी खोटं बोलले, एवढं म्हटलं असतं तरी विषय संपला असता. पण मी तेव्हा खोटं बोलले होते का, हे मला आजही नक्की माहीत नाही.

"पाहिलं नाही, काकू," मी म्हटलं. "पण मला वाटलं, कोणीतरी गेलं."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला, गार पडलेला. "तेवढं पुरे," म्हणाल्या.

आम्ही दोघी साडेबारापर्यंत तशा बसून राहिलो. एक सायकलवाली गेली, पोस्टाची गाडी गेली, समोरच्या घरातलं मांजर येऊन उंबऱ्याकडे बघून परत गेलं. मग काकू स्वतःच उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी वाकून, सवयीने, दाराखाली हात धरला. जराही हवा येत नव्हती. काम मी चोख केलं होतं.